सूचना : रविवारचा चित्रपट 'ऑल्स वेल, एन्ड्स वेल' (१९९२)

सभासदहो,
येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी. दिग्दर्शक क्लिफ्टन को. हाँगकाँगमध्ये चांद्र (म्हणजे चिनी) नववर्षाला सहकुटुंब बघायचे म्हणून असे ताऱ्यांनी खच्चून भरलेले विनोदी चित्रपट येत, त्यांतला हा गाजलेला. तीन भाऊ आणि तिघांची प्रेमप्रकरणं. स्टीफन चाऊ आणि मॅगी चुंग यांनी केलेल्या हॉलिवूडच्या नकला धमाल आहेतच, पण लक्ष ठेवा सँड्रा इंगवर. नवऱ्याने गृहीत धरलेली ही थोरली सून घर सोडते, आणि मग त्याची जी तारांबळ उडते! एका भावाच्या भूमिकेतल्या लेस्ली चुंगच्या नाजूक, बायकी हावभावांवरचे विनोद मात्र आज खटकतील. त्यावर नंतर बोलूच.

संवाद कँटोनीज, खाली इंग्रजी उपशीर्षकं. चहा आहे, खाऊ आपापला आणा. उशीर झाल्यास मागच्या दाराने, आवाज न करता.