आई-बाबांना, एकतिसाव्या दिवशी

छत्रपती संभाजीनगर,
१६ जून

तीर्थरूप आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर धड बोलणं होतच नाही, म्हणून पत्र लिहितेय. आई, "ओवी कशीय गं" एवढं विचारलं की तुझा आवाज भरून येतो. आणि बाबा, तुम्ही "बरं बरं, पेरणीचं बघतो" म्हणून फोन आईच्या हातात देता. मागच्या आठवड्यात मात्र एक वाक्य बोललात. "बुटाचा तळ वाढवून चालली असती की जन्मभर." राग नाही आला मला, पण ते डोक्यातून जातही नाही. तो तळ तुम्हीच तर करून आणत होतात, लातूरच्या गोलाईत मोचीकाकांसमोर दोन-दोन तास बसून. पहिल्या बुटाला दीड सेंटिमीटर होता, शेवटच्याला साडेचार. लेकरू वाढत होतं तसा दोन पायांतला फरकही वाढत होता, हे माझ्याआधी तुमच्याच ध्यानात आलं असणार. वाढ थांबेपर्यंत तो साडेपाचच्या आसपास जाईल, असा डॉक्टरांचा हिशेब आहे. त्यातले साडेचार आत्ता काढायचे, उरलेल्या सेंटिमीटरभराचं पुढे बघू.

आज ओवीच्या आखूड पायाभोवतीच्या कड्यांचे नट फिरवून हाड लांबवायचा एकतिसावा दिवस. १० मेला ऑपरेशन झालं, सात दिवस काही करायचं नव्हतं, आणि सतरापासून पाना हातात आला. मधे आठ दिवस दिवसाला पाऊण मिलिमीटरच वाढवायला सांगितलं होतं, कारण एक्स-रेमध्ये नवीन हाड जरा विरळ दिसत होतं. एरवी रोज एक मिलिमीटर. म्हणजे आजपर्यंत एकोणतीस झाले, सोळा राहिले.

आई, तू दहा दिवस राहून रडत परत गेलीस, त्यात थोडी माझीही चूक आहे. तुला कुणी नीट सांगितलंच नाही. तुला वाटलं, आम्ही नट फिरवतो म्हणून ती किंचाळते. तसं नाही. नट फिरवताना तिला जवळजवळ काही कळत नाही, त्या वेळी ती मोबाइलवर कार्टून बघत असते. दुखतं ते व्यायामाला. हाड लांबतं, पण पोटरीचे स्नायू तेवढ्या खुशीने लांबत नाहीत, ते टाच वर ओढून धरतात. म्हणून फिजिओच्या ताई पाऊल नडगीकडे दाबतात, आणि तेव्हा ती जी बोंब ठोकते ती खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही पाठ झालीय. रात्री पाय ठणकतो तोही ताणाने. तू मायेने तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवायचीस आणि मी खेकसले होते, आठवतं? गुडघा वाकलेला राहिला तर तसाच धरून बसतो, म्हणून उशी टाचेखाली ठेवायची. एवढं साधं कारण होतं. खेकसायला नको होतं.

हाड कापलं म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला कळतं. पण कापतात ते फक्त कडक हाड. त्यावरचं पातळ आवरण जपतात, कारण नवीन हाड धरायला तेच लागतं. मग दोन टोकं हळूहळू लांब न्यायची. घाई केली तर मधे हाड धरत नाही, रेंगाळलं तर ती आधीच जुळून बसतात. तुझी पुरणपोळी लाटण्यासारखंच आहे बघ, जोर लावला की फाटलीच.

नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून एक कळशी फक्त ओवीच्या पायासाठी झाकून ठेवलेली असते. ते पाणी उकळून गार करायचं. पायात आठ तारा आहेत, दीड मिलिमीटर जाडीच्या, आरपार. म्हणजे सोळा जागा, आणि प्रत्येक जागेला वेगळा कापूस. तारेच्या बुडाशी खपली धरते, ती ओली करून सैल करायची, ओढायची नाही. मागच्या आठवड्यात घोट्याच्या वरची एक जागा लाल होऊन थोडा पू आला होता. पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, आता कोरडी आहे. सोळाच्या सोळा जागा ती स्वतः मोजते आणि एखादी राहिली तर मला बोलते. सलवारींची एक शिवण उसवून चिकटपट्टी लावलीय. शाळा उघडली. ती पुढच्या सोमवारपासून रिक्षाने जाईल, बाईंनी वर्ग तळमजल्यावर घेतलाय. एका पोराने विचारलं म्हणे, "तुझ्या पायाला अँटेना लावलाय का?" हिने सांगितलं, "हो, रेंज येते."

बाबा, आता तुमच्याशी.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही, ह्यांनासुद्धा नाही. दोन तारखेला रात्री दहाच्या फिरवणीला लाइट गेली. हे वाळूजला रात्रपाळीला होते. मी एका हातात मोबाइलचा उजेड धरून फिरवत होते. हाडाच्या मधल्या भागाला चार सळ्या आहेत, दिवसातून चार वेळा प्रत्येकीचा नट पाव फेरा. एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. चौथ्या सळीचा नट उलटा फिरला. सकाळी सहाला ओवीनेच धरलं. चौकोनी नटाच्या चारी बाजूंना तिने नेलपॉलिशची टिंबं लावलीत, लाल, निळं, हिरवं आणि चकाकीचं. "मम्मी, हिरवं यायला पाहिजे होतं, इथं लाल आलंय." माझ्या हातापायातलं बळच गेलं. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी शांतपणे दुरुस्त कसं करायचं ते सांगितलं. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही म्हणाले. पण तेव्हापासून रात्रीच्या फिरवणीला माझा हात थरथरतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला बरं वाटावं म्हणून एक गोष्ट सांगितली. ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉक्टर इलिझारोव्ह यांची, १९५० नंतरची. ते मोडलेलं हाड जुळवायला कड्या वापरायचे, टोकं एकमेकांवर दाबायला. एका पेशंटने म्हणे नट उलटा फिरवला, टोकं लांब गेली, आणि मधल्या जागेत नवीन हाड धरलेलं दिसलं. सुरुवातीला त्यांनी सायकलीचे स्पोक वापरले असंही सांगतात. बाहेरच्या जगाला खरी खबर लागली ती १९८० मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी तिथे जाऊन पाय बरा करून आल्यावर. सायकलीचे स्पोक म्हटल्यावर ओवीने पहिलं काय विचारावं? "मग आबांना येत असेल की हे!"

आणि खरंच, मला वाटलं, येत असेल. चाळीस वर्षं तुम्ही अंधारात, चिखलात मोटारी उघडल्यात. आटे चढले की नाही ते तुम्हाला बोटांना कळतं. माझा हात कागद तपासणाऱ्याचा. मी चुकणार नाही असं रोज म्हणते आणि रोज घाबरते.

तर बाबा, पेरणी उरकली की या. पाऊस लांबला तर आधीच या, तसंही ढगाकडे बघत बसण्यापेक्षा बरं. सोळा मिलिमीटर राहिलेत, म्हणजे सोळा दिवस, चौसष्ट फिरवण्या. निदान रात्रीची दहाची तुम्ही घ्या. त्यानंतर नट फिरवायचा नाही, फक्त हाड घट्ट व्हायची वाट बघायची, त्याला तीन-साडेतीन महिने जातील. कड्या निघाल्यावर महिनाभर प्लास्टर. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, तिला शेतात यायचंय. भज्जी-आंबील नाही, तिला कडब्याच्या कोपीभोवती फेरी मारायचीय, साध्या चपलेवर. डॉक्टरांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

सोयाबीन भावाची वाट न बघता विकलंत, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही पत्र घडी करून ठेवून द्याल.

तुमची,
माई

ता. क. आई, तुझी मऊ झालेली दोन सुती लुगडी पाठव, टाचेखालच्या उशीला खोळ करायचीय. आणि बाबा, ओवी सांगतेय, तुमच्या पेटीतला दहा नंबरचा पाना आणा. इथला तिला आवडत नाही, नवाकोरा आहे म्हणते. आणायच्या आधी रॉकेलने पुसा, मग साबणाने धुवा. हे मी सांगतेय, ती नाही.