फर्लांग ‘फार लांब’वरून आलेला नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतल्या शब्दांच्या सदरात ‘फर्लांग’ (मैलाचा आठवा भाग, २२० यार्ड) हा आपल्या ‘फार लांब’चा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश, असं ठामपणे छापलं आहे. पारावर कुणी म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं. पण छापलेलं मुलं वहीत उतरवून घेतात, शिक्षक वर्गात सांगतात.

हा शब्द जुन्या इंग्रजीतला आणि शुद्ध शेतीतला आहे. ‘फुर्ह’ म्हणजे नांगराचं तास, नांगराने पडणारी चरी; ‘लांग’ म्हणजे लांब. एका तासाची लांबी तो फर्लांग. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी लेखनात तो सापडतो. रोमन ‘स्टेडियम’ या मापाला इंग्रज तोच शब्द वापरत. तेव्हा मराठी त्यांच्या कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता.

‘२२० यार्ड हा आकडा मनाला येईल तसा ठरवला’ हे सदरातलं वाक्य तर नांगरणाऱ्याचा अपमान आहे. इंग्लंडमधली माती जड, ओली, चिकण. नांगरही तसाच जड: पुढे माती उभी चिरणारा सुरा, त्यामागे फाळ आणि बाजूला माती उलटवणारी फळी. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये करवलेल्या जमिनींच्या ‘डूम्सडे’ पाहणीत एका नांगराला आठ बैल धरले आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा कमी असत. एकराची पट्टी २२० यार्ड लांब, २२ यार्ड रुंद. तास नऊ इंच रुंद धरा. ८८ तासं होतात, बैलांची चाल ११ मैल. तेवढीच जमीन ११० बाय ४४ यार्डांची असती तर चाल तीच, पण तासं १७६, म्हणजे वळणं दुप्पट. प्रत्येक वळणाला नांगर उचलायचा, बैलांची अख्खी रांग फिरवायची. कडेची माती तुडवून दगडासारखी होते, ती शेवटी आडवी नांगरावी लागते. उलट तास फार लांबवलं तर मध्येच बैलांचा दम तुटतो. या दोन्हींच्या मधली ती लांबी आहे. रांग कडेला पोचण्याआधीच डावीकडे वळवायला लागत, म्हणून जुन्या पट्ट्या सरळ नसून उलट्या ‘एस’ अक्षरासारख्या आहेत. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावात पट्ट्यांची ती मोकळी शेती आजही चालते. गावच्या जुन्या कागदांत तर शेजारशेजारच्या समांतर पट्ट्यांच्या अख्ख्या गटालाच फर्लांग म्हटलेलं असतं, हे सदरात यायलाच हवं होतं.

पुढे १५९३ च्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा ठरला. रोमन मैल ५,००० रोमन फुटांचा होता. पण जमिनीचे सगळे व्यवहार फर्लांगावर आणि एकरावर बांधलेले, ते हलवणं अशक्य. म्हणून मैलच ताणून ५,२८० फुटांचा केला.

आणि आपल्याकडचं नातं दाखवायचंच असेल तर ते ‘एकर’मध्ये आहे. जुन्या इंग्रजीतला ‘अ‍ॅकर’ म्हणजे शेत, लॅटिन ‘आगेर’ म्हणजे शेत आणि संस्कृत ‘अज्र’ म्हणजेही शेत. तिन्ही एकाच मुळाचे. ते सोडून ‘फार लांब’ कशाला?

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. तुमच्या मालमत्ता पानावर गुंठा सर्रास ‘हजार फूट’ लिहिला जातो. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची म्हणजे १६ भागांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा: १,०८९ चौरस फूट. इंग्रजांची ती २२० बाय २२ यार्डांची पट्टी म्हणजे २० साखळ्या लांब आणि दोन रुंद, बरोबर ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. गुंठा हजाराचा धरला की एकरामागे ३,५६० फूट, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांहून जास्त जमीन हिशेबातून जाते. तुमचं पान वाचून भाव ठरवणाऱ्या शेतकऱ्याचं ते थेट नुकसान आहे.

फर्लांगाची दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापावी. गुंठ्याची मात्र पुढच्या रविवारची वाट न बघता उद्याच्या अंकात, आकड्यांसकट द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक