काट्यावर लटकलेलं पोट्टं

प्रिय दोस्ता,

काय बे, पुण्याले गेला अन् पार विसरलाच का? व्हॉट्सअ‍ॅपवर तुहा नुसता अंगठा येते, म्हणून म्हटलं आज बसून लंबं पत्रच लिहू. इकडं कापूस फुटला हाय, वेचाले बाया भेटत नाई, बाकी सगळं तसंच.

परवा राती लाइन गेली अन् पोरगी झोपेचना, मग तिले हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट लावून देली. तीच बे, जर्मनीतल्या ग्रिम भावांनी 1812 साली छापली ते, दुष्काळात घरात भाकर नाई म्हणून मायबाप लेकरांले जंगलात सोडून येतात. पहिल्या खेपेले पोट्टा खिशात पांढरे गोटे भरून नेते, चांदण्यात ते चमकतात अन् घर सापडते. दुसऱ्या खेपेले राती दाराले कुलूप, गोटे भेटत नाई, तर पावाचे तुकडे टाकत जाते. इथं पोरगी उठूनच बसली, "बाबा, हा येडा हाय का? पाखरं ठेवतीन का ते?" आता ही पोरगी मागच्या साली आजीसोबत ज्वारीच्या वावरात दिवसभर डबा वाजवत बसेल हाय, तिले पाखराचं कोण शिकवीन!

मी हासलो, पण मंग डोक्यात तेच. आपण म्हणतो गोष्टीतलं लेकरू लय हुशार, पण ते चुकते ना बे, अन् चुकल्यावर पुढचं सुचते. चेटकिणीले डोळ्यानं कमी दिसते हे ध्यानात आलं तर पोट्टा पिंजऱ्यातून बोटाच्या जागी हाडूक काढून दाखवते, चार हप्ते तिले वाटते हा जाडच नाई होऊन रायला. अन् मले सगळ्यात आवडते ते ग्रेटेल. भट्टीत शिर म्हटलं तर म्हणते, मले नाई समजत कसं शिराचं, तुम्हीच दाखवा. बुढीनं डोकं घातलं का देला धक्का. स्कॉलरशिपच्या परीक्षेत हे येत नाई पाय. मोठ्याले वाटते लेकराले काय समजते, अन् लेकरू तेच धरून बसते.

अन् मले तू आठवला. चौथीत होतो आपण, खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, गाडी घेऊन आला होता, तुमच्या अंगणात कापूस मोजणं चालू. तू नाक पुसत गेला अन् म्हणे, "काका, मले बी मोजा ना." समदे हासले, त्यानंबी हौसेनं तुले हुकाले लटकवलं, अन् काट्यानं दाखवले 21 किलो. आदल्याच हप्त्यात शाळेत डॉक्टर आले होते, तिथं तू 24 भरला होता. तू लटकल्या लटकल्याच बोंबलला, "बाबा, मी तीन किलो कमी झालो!"

गोष्टीत याच्यानंतर हिरेमोती भेटतात. तुले कानाखाली भेटली, तेबी चारचौघात. तवा आपल्याले समजलं नोतं, पण बियाण्याले पैसे त्याच व्यापाऱ्याजवळून घेतले होते ना, तुहे बाबा, आमचे काका, त्याले बोलतीन काय? पुढच्या साली तो दुसरा काटा घेऊन आला, येवढं मात्र झालं.

म्हणून मले वाटते, ह्या गोष्टीतले लेकरं हौसेनं हुशार होत नाई. घरचे मोठे हरलेले असतात. फ्रान्सच्या त्या अंगठ्यायेवढ्या पोट्ट्याचंबी तेच, 1697 सालची गोष्ट, सात भावातला सगळ्यात धाकटा, घरात दाणा नाई, मायबाप जंगलात सोडतात, अन् तो राक्षसाच्या पोरींच्या डोक्यावरचे मुकुट भावांच्या टोप्यांसंग बदलून टाकते. राक्षस अंधारात सोताच्याच पोरी मारते. हे मी पोरीले सांगतलं नाई, झोपली नसती.

तरी ते झोपली नाईच. गोष्ट संपली, लेकरं घरी गेले, माय मरून गेली होती (पहिल्या छपाईत सख्खीच माय होती बे, मंग भावांनी तिले सावत्र करून टाकलं), बापाले आनंद झाला. तर ही विचारते, "पण बाप तर तोच ना? त्याच्याकडं काऊन गेले?" मी म्हटलं झोप आता.

हुरड्याले ये, पोराले घेऊन ये. तुही काट्याची गोष्ट मी तिले सांगतली, पण 21 किलोपर्यंतच, पुढं काय झालं म्हणून रोज डोकं खाते. काकाबी तवा वावरातच असतीन, तिच्यासमोर तूच सांग त्यायले विचारून.

तुहाच,
धुऱ्यावरचा दोस्त