बोर्डो फवारा, पण व्हाळ सांभाळा

महोदय,

वन्यजीवांचा विषय निघाला की गोव्यात चर्चा म्हादई, नेत्रावळी अभयारण्यांच्या सीमारेषांवर अडते. सत्तरी-सांग्याची कुळागरे, म्हणजे मिश्र बागायती, मात्र कुणाला आठवत नाहीत. पोफळी, माड, केळी, मिरवेल, जायफळ यांच्या दाट सावलीत ओल टिकते, म्हणून बेडूक आणि मातीत राहणारी देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे, बिनपायांचे उभयचर) तिथे सुखाने नांदतात. ‘गेगेनिओफिस गोएन्सिस’ या देवगांडुळाची शास्त्रीय नोंद २००७ साली झाली, तीही केरी-सत्तरीतूनच.

सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगावरची पहिली बोर्डो फवारणी (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना यांच्या मिश्रणाची) पावसाच्या तोंडावर होते, दुसरी ४०-४५ दिवसांनी. बेडकांच्या विणीचेही हेच दिवस. फवारणी बंद करा, असे पीक हातचे गेलेल्या बागायतदाराला कोण सांगणार? आम्हीही सांगत नाही. बिघडते ते मिश्रण करताना आणि पंप धुताना.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मग मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या निवळीत नव्हे, गढूळ पाण्यातच ओतावे. घासून चकचकीत केलेले कोयत्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे, चुना वाढवा. पोत्यात पडून हवेने विरलेला चुना वापरला की हे हमखास होते. असे मिश्रण सुपारीच्या कोवळ्या घोसांना भाजते आणि पाण्यात उतरले तर बेडकांची पिले मारते. बागेचे आणि व्हाळाचे (ओढ्याचे) हित इथे एकच आहे.

मिश्रण त्याच दिवशी संपेल एवढेच करावे. पंप, नळ्या पाटात धुऊ नयेत. ते पाणी पिंपात साठवून पुढच्या मिश्रणाला वापरावे, शेवटचे उरलेले व्हाळापासून दूर, उंचवट्यावरच्या खड्ड्यात जिरवावे. पावसाआधी घोसांना प्लास्टिकचे आवरण घातले तर फवारणीच कमी लागते. ते नंतर उतरवायचा कंटाळा मात्र करू नये, नाहीतर नवा कचरा.

सिमेंटच्या पाटांचे काय? उभ्या गुळगुळीत भिंतींवरून पडलेला बेडूक वर येऊ शकत नाही. थोड्या थोड्या अंतरावर खडबडीत दगडांचा उतार ठेवला की पुरते.

विभागीय कृषी कार्यालयांनी मे महिन्यातच गावोगावी पात्याच्या चाचणीचे प्रात्यक्षिक दाखवावे आणि मोरचुदाबरोबर ताजा चुनाही उपलब्ध करावा.

— काही बागायतदार, सत्तरी