होडी ठरतेय, पैसे अजून दिलेले नाहीत

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मावशीकडून अर्धवट कळायच्या आत मीच सांगते. मी शिडाची होडी घेतेय. जुनी. आई, लगेच देव पाण्यात घालू नकोस. किंमत इथल्या वापरलेल्या मोटारीएवढीच आहे. खरा खर्च पुढचा: जागेचं भाडं, विमा, ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढून बुडाला रंग. तो हिशेब आधी मांडला, मगच शोधायला लागले. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्याचं कात्रण बाबांनी जपलंय, माझा बेत तेवढा मोठा नाही. सध्या खाडीच्या मुखापर्यंत जाऊन यायचं.

बाबा, आता तुमच्या कामाचं. वेस्टरली सेंटॉर, २६ फुटी, फायबरची. १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अशा २,४०० हून अधिक बांधल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि सल्लेही. सल्ले जरा जास्तच. बुडाखाली मधोमध एक खोल कील, म्हणजे उभं पातं, नाही; दोन्ही अंगांना एकेक आहे. इथे एसेक्समध्ये ब्लॅकवॉटरच्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल उरतो. दाभोळला पाणी गेलं की होड्यांना टेकू लावतात. हिला ते नकोत, दोन पायांवर सरळ उभी राहते. तरंगायला तीन फूट पाणी पुरतं, म्हणजे भांगाच्या, कमी चढणाऱ्या भरतीलाही अडकायला नको. वाऱ्याच्या तोंडावर एका कीलच्या होडीइतकी चढत नाही, पण मला कुठे शर्यती लावायच्यात!

आधी एक देखणी होडी पाहिली होती. नव्या गाद्या, चकचकीत ओटा. डेकवर मात्र डोलकाठीपाशी पाऊल किंचित दबायचं. फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड पाणी पिऊन कुजलं की असं होतं. मालक गाद्यांचंच कौतुक सांगत राहिला. मी चहा पिऊन निघाले.

हिचं उलटं आहे. छताचं कापड लोंबतंय, कारण मागचा फोम झडलाय. या बनावटीत ते ठरलेलंच. पडदे आईने पायपुसण्यालाही घेतले नसते. पण बाबा, तुमचं ऐकून मी आधी इंजिनाला हात लावला. गारढोण होतं, म्हणजे माझ्या येण्याआधी तापवून ठेवलेलं नव्हतं. पहिल्या फटक्यात सुरू झालं. धूर निळा नाही, एक्झॉस्टमधून इंजिन गार ठेवणारं पाणीही नीट येत होतं.

मग पैसे मोजून सर्व्हेअर बोलावला. होडी क्रेनने उचलली आणि तो छोट्या हातोडीने बूड, डेक, सगळं ठोकत फिरला. टणक आवाज आला की पुढे, बद्द आला की खडूची खूण. मी मागून कान लावून. त्याचा सगळा जीव कीलच्या सांध्यांत. वर्षानुवर्षं चिखलात बसून दोन्ही कील बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात, आणि आतल्या बोल्टांभोवती फायबरला चिरा पडतात. हिला आतून जादा थर देऊन बळकट केलंय. चिरा नाहीत, बोल्टांभोवती गंजाचे ओघळही नाहीत.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा मात्र जुन्या. दिसायला लखलखीत, पण स्टीलची तार आतून थकते ती डोळ्यांना दिसत नाही, आणि विमावाले विचारतातच. तेवढी रक्कम कमी करा म्हटलं. मालक दोन दिवस रुसला, मग तयार झाला.

आता एकच गोष्ट अडलीये. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाखाली मिठाचा पांढरा ओघळ दिसतोय. मालक म्हणतो नुसतं सील बदलायचं. मला शाफ्टही झिजलेला वाटतो. फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत. लाँचच्या इंजिनांवर तुम्ही उभी हयात घालवलीत, तेव्हा मोठे करून नीट बघा आणि रविवारी फोनवर सांगा. तोवर मी पैसे देत नाही.

तुमची,
मनू