नव्या गाडीचा दोष जॉब कार्डवर का येत नाही?

मा. संपादक,

नवी एसयूव्ही घेतलेल्यांचं रडगाणं छापा म्हटलं तर लोक हसतात, एवढी महाग गाडी घेतली म्हणजे पैसेवाला असणार, त्याला कसलं आलंय दुःख. पण आमच्या गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडे या गाड्या ज्यांनी घेतल्यात ते बरेचसे मास्तर, सरकारी नोकर, काजूबागायतदार, सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन बसलेले. चवथीच्या आधी बुकिंग केलं, दारात आणली, हार घातला, नारळ फोडला आणि मग वर्कशॉपच्या फेऱ्या चालू झाल्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ओळखीतल्या लोकांच्या गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत आणि उत्तरं मात्र सगळ्यांना सारखीच मिळतायत.

माझी गाडी पेट्रोल, डबल क्लचची ऑटोमॅटिक. पर्वरीला गाड्यांची रांग लागते ना, तिथे इंच इंच सरकताना स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते आणि गाडी हिसके द्यायला लागते. चोर्ला घाटात ट्रकच्या मागे अडकलो की तेच, चढावर थांबून परत उचलताना मागे सरकते सुद्धा, आणि मागे बस असली की काय होतं ते सांगायला नको. यात जादूटोणा काही नाही. या गिअरबॉक्समधला ड्राय क्लच हवेवर थंड होतो, गाडी रांगत असली की तो पूर्ण पकडत नाही, घासत राहतो आणि तापतो. तेलात बुडवलेला वेट क्लच हे बरंच सहन करतो, पण तो महाग पडतो. शोरूममध्ये हे कोण सांगतं का? तिथे फक्त सनरूफ उघडून दाखवतात.

सनरूफचं पण सांगतो. काचेच्या रबरातून थोडं पाणी आत येणारच, ते एका पन्हळीत जमून चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीच्या खांबांमधून खाली जातं अशी रचना असते. आपल्याकडे गाडी आंब्याच्या नाहीतर फणसाच्या झाडाखाली उभी, वर लाल धूळ, नळी तुंबली किंवा फॅक्टरीतच नीट बसली नसली की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट मॅटखाली. डिचोलीच्या आमच्या एका मित्राच्या गाडीत कार्पेटखाली बुरशी धरली, तिथूनच वायरिंग जातं, मग सेन्सर वेडे. त्याला काय सांगितलं तर "सर, गोव्याची हवा दमट आहे"!

डिझेलवाल्यांची वेगळी गोष्ट, त्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, छोट्या फेऱ्यांत भरतो, मग म्हणे काजळी जळून जायला हायवेला एकसारख्या स्पीडने पंधरावीस मिनिटं पळवा. गाडी घर-शाळा-बाजार एवढीच फिरणार हे विकताना विचारलं असतं तर त्या माणसाने पेट्रोलच घेतली असती.

पण माझी खरी तक्रार गाडीबद्दल नाहीच, कागदाबद्दल आहे. वर्कशॉपला गेलं की ॲडव्हायजर लॅपटॉप लावतो, "एरर कोड नाही सर". मग रोड टेस्टला नेतो, कुठे तर इंडस्ट्रियल इस्टेटच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर, थंड इंजिन, पाऊस नाही, चढ नाही. तिथे काय होणार, गाडी शहाण्या मुलासारखी चालते. आणि संध्याकाळी जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहिलेला वर्कशॉपचा कागद, हातात येतं त्यावर लिहिलेलं असतं जनरल चेकअप, सॉफ्टवेअर अपडेट, वॉशिंग. आपण सांगितलेला दोष कुठेच नाही! फार भांडलात तर "ड्रायव्हिंग स्टाइल" लिहितात, म्हणजे दोष आपल्याच पायाचा. आणि क्लच प्लेट बदलायची वेळ आली की ती झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही.

कागदावर दोष नाही म्हणजे पुढचं सगळं बंद. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात सक्तीच्या रिकॉलचे नियम आहेत, मोटार वाहन कायद्याचं कलम ११०अ. सात वर्षांच्या आतली गाडी, एकाच दोषाच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी सरकारी पोर्टलवर आल्या तर तपासणी होते, आणि कंपनीला गाड्या परत बोलवायला लावून १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. चांगलाच कायदा आहे, पण तक्रारी मोजायच्या कुठून, त्या काउंटरवरच मारल्या जातात. ग्राहक आयोगाचं पण तसंच. ५० लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा आयोगात जाता येतं, फी अगदी किरकोळ, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, आयोग गाडी तज्ज्ञांकडून तपासून घेऊ शकतो. पण मुदत दोन वर्षांची, आणि तिथे पहिला प्रश्न, दोष होता याचा पुरावा काय? आपण दाखवणार वॉशिंगचं कार्ड. आणि "पुढच्या अपडेटमध्ये होईल सर" यातच ती दोन वर्षं कधी संपतात कळत पण नाही. अमेरिकेत पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही न सुधारलेली नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारे राज्यांचे कायदे १९८२ पासून आहेत, कनेक्टिकटपासून सुरू झाले. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, तो येईल तेव्हा येईल, निदान मालक जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत कार्डावर उतरवायची सक्ती करायला कुठला नवा कायदा लागतो?

तोपर्यंत गाडीवाल्यांनी एवढं करा. जॉब कार्डवर आपलं वाक्य लिहिल्याशिवाय सही करू नका, लिहीत नसतील तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा. सूचना स्क्रीनवर आली की शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा, स्वतः चालवताना नको. त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा, फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि रिकॉलच्या पोर्टलवर पण.

आणि वाहतूक खात्याला एक विनंती. रोड टॅक्स नवी गाडी रस्त्यावर यायच्या आधीच घेता, तर म्हापसा, फोंडा, मडगावच्या आरटीओत या रिकॉल तक्रारी भरून द्यायला एक माणूस बसवा, आणि गोव्यातून आजवर अशा किती तक्रारी पोर्टलवर गेल्या तो आकडा एकदा जाहीर करा.

आपला,
एक गाडीमालक, वाळपई