एको एकाचा झाला, बाकीच्यांचं काय?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

हृदयविकार म्हटलं की आपल्याकडे ब्लॉकेज आणि अँजिओप्लास्टीचंच बोललं जातं. जन्मापासून झडपेत असलेल्या एका दोषाबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. वय ४४, रोज सायकलने शेतावर जाणारा, कसली म्हणून तक्रार नाही. ईसीजी नॉर्मल आला. पण छाती तपासताना डॉक्टरांचा स्टेथोस्कोप एका जागी थांबला आणि त्यांनी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं. एकोच्या पडद्यावर आम्हाला दिसलं ते असं: महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, याच्या झडपेला दोनच. तीन पाकळ्यांची झडप त्रिकोणी उघडते; याची माशाच्या तोंडासारखी उघडमीट चालली होती.

असे लोक शंभरात साधारण एक-दोन असतात, त्यात पुरुष जास्त. कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण दोन पाकळ्यांवर ताण जास्त पडतो. वयाबरोबर त्यांच्यावर कॅल्शियम साचून त्या कडक होतात, किंवा नीट न मिटल्याने रक्त मागे गळतं. मग जिना चढताना दम लागतो, चक्कर येते. काहींची महाधमनीच फुगत जाते, म्हणून त्रास नसला तरी ठरावीक काळाने एको करावा लागतो. दात-हिरड्याही जपाव्या लागतात, कारण तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात.

हे सगळं आम्हाला हळूहळू कळलं. ऑपरेशन झालं, एकोचा इंग्रजी रिपोर्ट फाइलमध्ये गेला आणि आम्ही घरी आलो. हा दोष घराण्यात उतरतो, सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाकडे सापडतो, हे त्या दवाखान्यात आम्हाला कुणी सांगितलं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "भावंडांचा, मुलांचा एको केलात का?" माझी झडप चांगली निघाली. पंधरा वर्षांच्या भाच्याला मात्र दोनच पाकळ्या आहेत. तपासणीच्या खोलीतून बाहेर येताच त्याने विचारलं, "आत्या, कबड्डी बंद का?" सध्या डॉक्टरांनी खेळू दिलंय, दरवर्षी दाखवायचंय.

आमचे वडील ५८व्या वर्षी घराच्या पायऱ्या चढताना कोसळले. त्यांचा एको कधी झालाच नव्हता.

डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. असा रिपोर्ट हातात देताना त्यावर मराठीत एवढी एक ओळ लिहा: आईवडील, भावंडं आणि मुलं यांचाही एको करून घ्यावा.

– एक वाचक, सातारा